दिवसाउजेडी रंगलेले खेळ

अमेरिकेत ज्यांचं बालपण १९६० ते १९८० च्या दरम्यान गेलं, त्यांना तापाने शाळा बुडालेला दिवस आठवायला सांगा. अंथरूण, गरम सूप आणि टीव्हीवरचा एखादा 'गेम शो' ही तिन्ही त्या आठवणीत हमखास येतात. ओढ असते ती खेळापेक्षा तो खेळवणाऱ्या माणसाची. एका सूत्रसंचालकाबद्दल लोकांना इतकी वर्षं जिव्हाळा का वाटावा, हे समजायचं तर त्या कार्यक्रमांची जडणघडण पाहावी लागते.

दिवसाच्या वेळेचं गणित

एनबीसी, सीबीएस आणि एबीसी या तीन मोठ्या नेटवर्क्सनी रात्रीची वेळ नाटकं, विनोदी मालिका आणि बड्या कलाकारांसाठी राखली होती. सकाळी आणि दुपारी टीव्हीसमोर असत त्या गृहिणी, निवृत्त माणसं, रात्रपाळी करून आलेले कामगार आणि आजारी मुलं. जाहिराती घरगुती वस्तूंच्या, त्यामुळे खर्च बेताचा. एकच सेट, एकच सूत्रसंचालक, आणि एका दिवसात अनेक भागांचं चित्रीकरण. बक्षिसातले फ्रीज, शेगड्या, सोफासेट बऱ्याचदा कंपन्याच पुरवत. त्या बदल्यात निवेदक त्या वस्तूचं वर्णन रंगवून वाचून दाखवी.

१९५८ चा डाग

या कार्यक्रमांचा साधेपणा केवळ काटकसरीतून आलेला नाही. १९५० च्या दशकात रात्रीच्या प्रश्नमंजूषा प्रचंड रकमा वाटत आणि देश त्या श्वास रोखून पाही. पुढे कळलं की काही स्पर्धकांना उत्तरं आधीच दिली जात होती. 'ट्वेंटी-वन' गाजवणारा प्राध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन याने १९५९ मध्ये काँग्रेसच्या समितीसमोर तशी कबुली दिली.

मात्र पहिला बळी गेला होता तो 'डॉटो' या कार्यक्रमाचा, आणि तो सुरू झाला होता दिवसाच्याच वेळेत. एका स्पर्धकाची वही पडद्यामागे सापडली, तिच्यात उत्तरं लिहिलेली होती. ऑगस्ट १९५८ मध्ये कार्यक्रम अचानक बंद झाला. सूत्रसंचालक जॅक नार्झचा त्यात काही हात नव्हता. १९६० मध्ये असे खेळ आधीच ठरवून खेळवणं हा कायद्याने गुन्हा ठरला.

मोठ्या रकमांचे रात्रीचे खेळ भराभर बंद पडले. टिकले ते दिवसाचे, छोट्या बक्षिसांचे. 'डॉटो' गेला त्याच महिन्यात एनबीसीवर 'कॉन्सन्ट्रेशन' आला. तीस चौकोन, त्यांतल्या जोड्या लक्षात ठेवून जुळवायच्या आणि खालून उलगडणारं चित्रकोडं ओळखायचं. घरात बसलेल्यालाही स्पर्धकाइतकंच दिसत होतं. तो १९७३ पर्यंत चालला.

'जेपर्डी' या प्रश्नमंजूषेचा जन्मही याच डागातून झाला. निर्माते मर्व्ह ग्रिफिन नवा कार्यक्रम शोधत होते. उत्तरं दिल्याचाच तर बोभाटा झाला होता; मग स्पर्धकांना उघड उघड उत्तरंच द्यावीत आणि प्रश्न त्यांनी सांगावा, असं त्यांच्या पत्नी जुलॅन यांनी सुचवलं. ३० मार्च १९६४ ला एनबीसीवर पहिला भाग झाला. पहिल्या फेरीत एका संकेताला १० ते ५० डॉलर मिळत. रकमेपेक्षा माणसाची हुशारी डोळ्यांत भरावी इतकाच तो पैसा होता, आणि माझ्या मते लोकांचा विश्वास परत आला तो यामुळेच.

सूत्रसंचालक

विश्वास बसतो तो माणसावर. सगळ्यांत आधी नाव घ्यायला हवं बिल कलन यांचं. १९५६ मध्ये 'द प्राइस इज राइट' सुरू झाला तो त्यांच्यासह, आणि पुढे त्यांनी वीसहून अधिक गेम शो चालवले. लहानपणी पोलिओ झाल्याने ते लंगडत. त्यांना फार चालावं लागू नये अशीच सेटची मांडणी असे, त्यामुळे असंख्य प्रेक्षकांना हे कधी कळलंही नाही. जाड चष्मा, मिस्कील चेहरा आणि समोरच्याला लगेच मोकळं करणारं बोलणं, एवढ्या भांडवलावर त्यांनी तीस वर्षं गाजवली.

आर्ट फ्लेमिंग मूळचे नट. ग्रिफिन यांनी त्यांना विमान कंपनीच्या जाहिरातीत पाहिलं आणि 'जेपर्डी'साठी निवडलं. फळ्यावरचे संकेत पुठ्ठ्यांवर छापलेले असत. दुपारी बारा वाजता हा कार्यक्रम लागू लागला तेव्हा कॉलेजातली मुलं आणि जेवायच्या सुट्टीतले नोकरदारही टीव्हीसमोर जमले. हरलेला स्पर्धकही जमवलेले पैसे घरी नेई. १९८४ मध्ये अ‍ॅलेक्स ट्रेबेक यांच्यासह कार्यक्रम नव्याने आला तेव्हा ही रीत गेली. पूर्ण रक्कम फक्त विजेत्याची झाली.

'पासवर्ड' या गेम शोचे सूत्रसंचालक अ‍ॅलन लडन यांची अभिनेत्री बेटी व्हाइटशी ओळख झाली ती याच कार्यक्रमात, ती पाहुणी म्हणून आली होती तेव्हा. १९६३ मध्ये त्यांनी लग्न केलं, आणि ती जोडी अमेरिकेला घरचीच वाटली.

आणि बॉब बार्कर. १९७२ मध्ये सीबीएसवर 'द प्राइस इज राइट' नव्या रूपात आला आणि ते तिथे २००७ पर्यंत राहिले, म्हणजे ३५ वर्षं. हातात लांब बारीक माईक, आणि भोवती आनंदाने उड्या मारणारी, रडणारी, क्वचित त्यांना उचलूही पाहणारी माणसं. बार्कर स्वतः कधी गडबडत नसत, कुणाच्या भाबडेपणाची थट्टा बोचरी होऊ देत नसत. १९८७ मध्ये त्यांनी केस रंगवणं सोडलं आणि प्रेक्षकांनी पांढऱ्या केसांचे बार्करही तितक्याच प्रेमाने स्वीकारले. भागाच्या शेवटी पाळीव प्राण्यांची नसबंदी करून घेण्याचं आवाहन ते वर्षानुवर्षं करत राहिले. २०२३ मध्ये, ९९ व्या वर्षी ते गेले.

तीन दारं

माँटी हॉल यांच्या 'लेट्स मेक अ डील'मध्ये (१९६३) प्रेक्षक चित्रविचित्र वेश करून येत आणि हातातलं बक्षीस ठेवायचं की बंद दाराआडचं घ्यायचं, हे ठरवत. आपल्याकडे २००१ मध्ये स्टार प्लसवर आलेला 'खुल जा सिम सिम' त्याचंच भारतीय रूप. गणितात मात्र हॉल यांचं नाव वेगळ्याच कारणाने अजरामर झालं आहे. तीन दारांपैकी एकामागे मोटार. तुम्ही एक निवडलं. कुठे काय आहे हे जाणणाऱ्या सूत्रसंचालकाने उरलेल्यांपैकी एक रिकामं दार उघडलं. आता निवड बदलावी का? बदलावी: पहिल्या निवडीत मोटार असण्याची शक्यता एक तृतीयांशच होती, म्हणून दुसऱ्या बंद दाराआड ती दोन तृतीयांश. १९९० मध्ये एका सदरात हे उत्तर छापून आलं तेव्हा ते चूक आहे असं ठासून सांगणारी हजारो पत्रं आली, त्यांत गणिताचे प्राध्यापकही होते.

पुसलेल्या टेप

सगळ्यांत दुःखाची गोष्ट ही, की यातलं पुष्कळ पुन्हा पाहताच येत नाही. दोन इंच रुंदीच्या व्हिडिओटेप महाग होत्या. दिवसाचा कार्यक्रम कोण जपून ठेवणार, म्हणून नेटवर्क्स त्या पुसून त्यांच्यावर नवं चित्रीकरण करत. फ्लेमिंग यांच्या 'जेपर्डी'चे २,७०० हून अधिक भाग झाले, त्यांतले आज जेमतेम काही हाती आहेत. त्याच्या जागी ६ जानेवारी १९७५ ला आलेल्या 'व्हील ऑफ फॉर्च्युन'च्या सुरुवातीच्या बहुतेक भागांचंही तेच झालं. रात्रीच्या मालिका जपल्या गेल्या आणि ज्यांनी कोट्यवधी एकाकी सकाळी भरून काढल्या ते कार्यक्रम पुसले गेले, हा अन्यायच आहे.

गुडसन-टॉडमन या निर्मात्यांचा संग्रह त्या मानाने बराच वाचला. १९७० च्या दशकातले 'मॅच गेम', 'फॅमिली फ्यूड' हे आज दिसतात ते त्यामुळे. १ डिसेंबर १९९४ ला खास गेम शोंची वाहिनी सुरू झाली आणि जुने भाग पुन्हा घराघरांत पोचले. 'कॉन्सन्ट्रेशन'चे मूळ भाग फारच थोडे उरलेत. ज्यांनी ते पाहिले ते लोक आता उतारवयाकडे झुकले आहेत, आणि तो खेळ पाहताना कसं वाटायचं हे विचारायचं तर त्यांनाच विचारावं लागतं.