केळीची जात म्हातारी होते काय?

रावेर, यावल व शिरपूर भागातील बागाईतदार पुष्कळदा विचारतात की, एकाच जातीचे कंद पिढ्यान्‌पिढ्या लावल्याने ती जात म्हातारी होते काय? या प्रश्नाच्या उत्तराचा धागा तळ्यातील एका एकपेशीय जीवापाशी सापडतो.

पेशी दुभागण्यापूर्वी तिच्यातील गुणसूत्रांची नक्कल होते. ही नक्कल करणारी प्रथिने गुणसूत्राच्या अगदी टोकापर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे दर खेपेस टोक किंचित आखूड होते. असे असूनही टेट्राहायमेना हा जीव अखंड दुभागत राहतो. १९८४ साली अमेरिकेत कॅरल ग्रायडर व एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना त्याचे कारण गवसले. प्रथिन व आर.एन.ए. मिळून बनलेले टेलोमरेज हे विकर आपल्याजवळील साच्यावरून झिजत्या टोकास नवे तुकडे जोडते. १९९० साली या साच्यात मुद्दाम बिघाड केला असता पेशी खरोखरच म्हाताऱ्या होऊन मेल्या.

असेच विकर वनस्पतींच्या वाढत्या कोंबातही कार्य करते. म्हणून केवळ कंदापासून लागवड केल्याने जात म्हातारी होत नाही. बाग खालावते ती बहुधा कंदाबरोबर आलेल्या विषाणू, सूत्रकृमी व सोंडकिडा यांमुळे.

तरी बागाईतदारांनी जातीस दोष न देता निरोगी बागेतीलच कंद निवडावेत अथवा विषाणूमुक्त ऊतिसंवर्धित रोपे लावावीत. हरण्या रोगाची झाडे दिसताच समूळ उपटून नष्ट करावीत.