कुंडीतील अंजीर : पाणी, छाटणी आणि ओर्लाची तीन वर्षे



दुबई, शारजा, अबू धाबी येथे मुलांकडे राहणारी आपली वडीलधारी मंडळी गॅलरीत सब्जा, कढीपत्ता आणि हल्ली अंजीरही लावतात. पुष्कळांची तक्रार एकच असते : झाड पानांनी भरले, पण फळ नाही, किंवा फळ धरले आणि सुपारीएवढे होऊन गळाले. त्यासाठी काय करावे, ते येथे क्रमाने सांगते.

अंजीर हे आपल्या शिवात हामिनिम, म्हणजे सात वाणांपैकी एक. हिब्रूत तेएना, अरबीत तीन. शब्द सख्ख्या बहिणींसारखे. यार्देन नदीच्या खोऱ्यात गिलगाल येथे जळून कोळसा झालेली सुमारे 11,400 वर्षांपूर्वीची अंजिरे सापडल्याचे संशोधकांनी 2006 साली प्रसिद्ध केले. आणि आपण लहानपणी खाल्ले ते पुण्याकडचे. पुरंदर तालुक्यातील दिवे-सासवड भागातल्या या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथले शेतकरी वर्षात दोन बहार धरतात, खट्टा आणि मीठा. थंडीत येणारा तो खट्टा, उन्हाळ्याच्या तोंडावर येणारा तो मीठा. कोणता बहार धरायचा हे ते पाण्याचा ताण आणि छाटणी यांवर ठरवतात. आपल्या कुंडीतही हेच तत्त्व चालते.

प्रथम जात. अंजिराचे फूल बाहेर दिसत नाही. ज्याला आपण फळ म्हणतो त्याच्या आतच शेकडो फुले असतात. काही जातींत फळ टिकायला एका विशिष्ट बारीक गांधीलमाशीची गरज असते, आणि ती नसली की कोवळी फळे गळतात. म्हणून रोप घेताना परागणाशिवाय फळणारी जात मागावी. पुणे अंजीर आणि ब्राउन टर्की या दोन्ही तशाच आहेत.

कुंडी साधारण 40 ते 50 लिटरची, तळाला भोके असलेली आणि फिकट रंगाची घ्यावी. काळी प्लास्टिकची कुंडी जुलैच्या उन्हात तापते आणि मुळे भाजतात. इथली नुसती वाळू चालत नाही. वाळू, कुजलेले शेणखत आणि कोकोपीट समभाग घ्यावे. भरलेली कुंडी दोन माणसांना उचलत नाही, म्हणून भरण्यापूर्वीच ती चाकांच्या पाटावर ठेवावी. आपल्या वयात कंबर सांभाळणे फळापेक्षा महत्त्वाचे.

थंडीत झाडाला दिवसभर ऊन द्यावे. मेपासून सप्टेंबरपर्यंत सकाळचे ऊन पुरे. दुपारी शेड नेट बांधावे आणि कुंडीभोवती गोणपाट गुंडाळावे. पाणी पहाटे, खालून निथळेपर्यंत द्यावे. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. कोरडे लागले तरच पाणी. कडक उन्हाळ्यात मात्र रोज, कधी संध्याकाळीही लागते. एक दिवस सुकवायचे आणि दुसऱ्या दिवशी बुडवायचे, याने फळे गळतात किंवा तडकतात. मातीवर पांढरा थर दिसला तर तो क्षार समजावा. महिन्यातून एकदा भरपूर पाणी सोडून तो धुऊन काढावा. त्या दिवशी खालच्या मजल्यावर पाणी ठिबकणार नाही हे पाहावे.

आता छाटणी. मुख्य पीक येते ते त्या वर्षीच्या नव्या फुटव्यावर, पानाच्या बगलेत. जुनी फांदी वाढतच राहिली तर फळ फक्त शेंड्याकडे येते आणि झाड उंच, पोकळ होते. इथे थंडीत झाड थोडे निजते, पाने गळतात किंवा पिवळी पडतात. ती वेळ साधावी. लक्षात ठेवायला सोपे म्हणजे तू बिश्वातच्या सुमारास. वाळलेल्या, आत वळलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या आधी काढाव्या. तीन-चार मुख्य फांद्या ठेवून, गेल्या वर्षीचा फुटवा दोन-तीन डोळे राखून कापावा. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका. नव्या फुटव्याला पाच-सहा पाने आली की शेंडा खुडावा. त्याने जोर फळाकडे वळतो. नत्राचे खत जास्त झाले तर नुसती पाने माजतात, म्हणून फळ धरल्यावर पोटॅशकडे झुकते खत थोडे थोडे द्यावे. उन्हाळ्यात भारी छाटणी करू नये, उघडी पडलेली साल उन्हाने करपते.

एक इशारा. अंजिराचा पांढरा चीक अंगाला लागून त्यावर ऊन पडले तर त्वचेवर भाजल्यासारखे फोड येतात. हातमोजे, लांब बाह्या घालून संध्याकाळी छाटावे आणि लगेच साबणाने धुवावे. डोळ्याला हात लावू नये.

ओर्लाचा नियम विसरू नये. नव्या झाडाचे पहिल्या तीन वर्षांचे फळ आपण खात नाही. इस्राएलबाहेरही हा नियम लागू आहे, आणि कुंडीतल्या झाडालाही. रोपवाटिकेतील झाडाची मोजणी कधीपासून, चौथ्या वर्षाच्या फळाचे काय, हे हाखामांना विचारावे. सत्तरी ओलांडल्यावर तीन वर्षे थांबायचे कशाला, असे कोणी म्हणेल. पण बागायतीच्या दृष्टीनेही ही वर्षे वाया जात नाहीत. कोवळी फळे खुडून टाकली की खोड आणि मुळे भक्कम होतात, झाडाला आकार देता येतो. पुढे दोन-तीन वर्षांनी कुंडी बदलताना कडेची मुळे थोडी कापावी, पण मुळांभोवतीचा मातीचा गड्डा फोडू नये. झाडालाही ते मानवते आणि ओर्लाच्या मोजणीतही घोटाळा होत नाही.

फळ काढण्याची घाई नको. तोडलेले कच्चे अंजीर घरात पिकत नाही. देठ वाकून फळ खाली लोंबले, मऊ झाले आणि देठाशी चीक थांबला की ते तयार. बुलबुल आणि साळुंक्या त्याआधीच हजर होतात, म्हणून फळांवर जाळीच्या लहान पिशव्या बांधाव्या.

छाटलेल्या काड्या फेकू नका. वीतभर लांबीच्या, तीन-चार डोळ्यांच्या काड्या सावलीत ओल्या वाळूत लावल्या की त्यांना मुळे फुटतात. शेजाऱ्यांना, नातवंडांना द्याव्या. फक्त त्या सामानात घालून इस्राएलला किंवा भारतात नेऊ नका. परवान्याशिवाय रोपे आणि काड्या नेण्यास दोन्हीकडे मनाई आहे. आणि नातवंडाला काडी द्याल तेव्हा लावल्याची तारीख कुंडीवर लिहून द्या. त्याची तीन वर्षे तिथून सुरू होतात.