रक्ताचं नातं आणि रक्ताचा गट

आज आपला विषय आहे रक्त. विषय अफाट आहे, म्हणून आपण एकच धागा धरू या : ‘रक्ताचं नातं’ हा शब्दप्रयोग. मुलगा बापासारखा गायला लागला की आपण म्हणतो, ‘गाणं त्याच्या रक्तातच आहे.’ दुरावलेले भाऊ एकत्र आले की म्हणतो, ‘शेवटी रक्ताची ओढ!’ सख्खं ते आपल्या रक्ताचं, बाकीचं परकं. आता हेच रक्त प्रयोगशाळेत नेऊन विचारलं, बाबा रे, तुझं सख्खं कोण? तर ते काय उत्तर देतं, ते पाहू.

आधी हे लक्षात घेऊ, की ही समजूत अडाणीपणातून आलेली नाही. आयुर्वेदात सात धातू सांगितले आहेत : रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शुक्र. अन्नापासून रस होतो, रसापासून रक्त, आणि असं करत करत शेवटी शुक्र. म्हणजे ज्यातून संतती होते ते रक्ताचंच पुढचं रूप झालं. तिकडे ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलही वीर्य हे रक्तच परिपक्व होऊन बनतं असं मानत होता. एकदा हे धरलं, की मूल म्हणजे आईबापांचं रक्त, आणि वंश म्हणजे रक्ताचा प्रवाह, हे ओघानंच आलं. मग त्यातून रक्ताची शुद्धता आली, आणि कुणाशी सोयरीक करायची, कुणाशी नाही, हेही आलं.

पण गंमत अशी, की आपल्याच लोककथांनी या समजुतीला टाचणी लावून ठेवली आहे. कृष्णाच्या बोटाला जखम झाली, रक्त वाहू लागलं, बांधायला चिंधी हवी होती. सख्खी बहीण सुभद्रा. तिच्याकडे शालू आणि पैठण्या, त्या कशा फाडायच्या? मानलेली बहीण द्रौपदी. तिनं अंगावरचं भरजरी वस्त्र फाडून दिलं. ‘श्यामची आई’ या १९५३ च्या चित्रपटातल्या आचार्य अत्र्यांच्या गाण्यामुळे ही कथा मराठी घरांत पाठच झाली. रक्त वाहत असताना कोण धावून आलं, यावर नातं ठरवणारी ही गोष्ट आहे.

आता वैद्यकाकडे येऊ. १६६७ साली पॅरिसमध्ये झाँ-बाप्तिस्त द्नी या वैद्यानं एका पिसाट माणसाच्या शिरेत वासराचं रक्त सोडलं. वासरूच का? तर वासरू शांत, त्याचं रक्त गेलं की माणूसही शांत होईल! ‘स्वभाव रक्तात असतो’ हे वाक्य त्यानं शब्दशः घेतलं होतं. तो माणूस पुढे दगावला. मृत्यूच्या कारणावरून खटलाही झाला, आणि लवकरच फ्रान्समध्ये हे प्रयोग बंद पडले. पुढे एकोणिसाव्या शतकात माणसाचं रक्त माणसाला देऊ लागले. तरी काही जण वाचत, काही जात. का, ते कळत नव्हतं.

ते कळलं १९०१ साली. व्हिएन्नात कार्ल लँडस्टाइनर यांनी आपल्या आणि सहकाऱ्यांच्या रक्ताचे नमुने एकमेकांत मिसळून पाहिले. काही जोड्यांत गुठळ्या झाल्या, काहींत नाही. त्यातून ए, बी आणि ओ हे गट ठरले. एबी पुढच्या वर्षी सापडला. सख्ख्या भावांचे गट वेगळे निघू शकतात, आणि रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा गट तुमच्याशी तंतोतंत जुळू शकतो. शिवाय तांबडी पेशी पक्व होते तेव्हा तिच्यात केंद्रकच उरत नाही. ज्या लाल रंगाला आपण वंशाची खूण समजतो, त्या पेशीत वंशाचा मजकूरच नसतो.

या कथेतला एक महत्त्वाचा अध्याय आपल्या मुंबईतला आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवला. त्यालाच आज जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. तो काय आहे? तांबड्या पेशीवर ‘एच’ नावाचा एक पाया असतो. त्यावर एक साखर चढली की ए, दुसरी चढली की बी, काहीच चढलं नाही की ओ. बॉम्बे गटाच्या माणसाकडे हा पायाच नसतो. त्यामुळे ए-बीच्या साध्या चाचणीत तो ‘ओ’ दिसतो. पण त्याला ओ गटाचं रक्त दिलं, तर जिवावर बेतू शकतं, कारण ओच्या पेशींवर एच असतो आणि त्याच्या शरीरात एचविरुद्ध प्रतिपिंडं तयार असतात. म्हणून चांगली रक्तपेढी उलट तपासणीही करते : रुग्णाचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींत मिसळून पाहते. तिथे गुठळ्या झाल्या की संशय घ्यायचा. भारतात हा गट साधारण दहा हजारांत एकाचा, युरोपात दहा लाखांत एकाचा.

इथे एक गोष्ट जपून ऐका. शाळेत आपण शिकतो, की आई किंवा बाप एबी असेल तर मूल ओ गटाचं होत नाही. पण मूल बॉम्बे गटाचं असेल, तर कागदावर ‘ओ’ येऊ शकतं. अशा वेळी संशय कुणावर जातो, हे सांगायला नको. एका अपुऱ्या चाचणीवरून एखाद्या बाईच्या चारित्र्याचा निकाल लागू शकतो. म्हणून रक्तगटाच्या चिठ्ठीवरून पितृत्व ठरवू नये.

मग रक्ताचं नातं खोटंच का? तसंही नाही. बॉम्बे गट जनुकांतून येतो. आईबाप दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता चारात एक. त्यामुळे असा रुग्ण सापडला की आधी त्याच्या भावंडांचं रक्त तपासतात. नातं खरंच आहे, फक्त ते जनुकांचं आहे. आणि ते दर वेळी मदतीलाच येतं असंही नाही.

दवाखान्यात आपण हमखास ऐकतो, ‘बाहेरचं नको, भावाचंच रक्त चढवा.’ हेतू प्रेमाचा असतो. पण दिलेल्या रक्तात दात्याच्या काही जिवंत पांढऱ्या पेशी असतात. परक्या माणसाच्या पेशी रुग्णाचं शरीर सहसा ओळखतं आणि संपवतं. जवळच्या नातेवाइकाच्या पेशी मात्र कधीकधी इतक्या सारख्या असतात, की पहारेकरी त्यांना घरचे समजून आत सोडतो. त्या पेशींना उलट रुग्णाचं शरीर परकं वाटतं, आणि त्या त्याची त्वचा, यकृत, आतडी, अस्थिमज्जा यांच्यावर तुटून पडतात. हे फार क्वचित होतं, पण झालं तर बहुतेक वेळा जीव जातो. म्हणून आईबाप, मुलं, भावंडं यांचं रक्त द्यायचंच असेल, तर ते आधी किरणोत्साराखाली धरून त्या पेशी निकामी करतात. म्हणजे पाहा, इथे सख्ख्यापेक्षा परका सुरक्षित!

पण समाजाला हे पचायला वेळ लागतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन रेड क्रॉसनं कृष्णवर्णीयांचं रक्त आधी नाकारलं, मग घेतलं ते वेगळं ठेवण्याच्या अटीवर. १९५० पर्यंत ही पद्धत चालली. याला विज्ञानाचा काडीचाही आधार नव्हता. आपल्याकडे प्रश्न वेगळा होता, रक्ताच्या बाजाराचा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. तरी ‘बाटली हवी तर नातेवाईक आणा’ ही पद्धत पुरती गेलेली नाही. ज्याला गावात कुणी नाही, त्यानं काय करायचं? ऊसतोडीला आलेल्या बाईला बाळंतपणात रक्तस्राव झाला, तर तिचे भाऊ कुठून आणायचे?

याचं उत्तर एकच. रक्त आधीच पेढीत असायला हवं, आणि ते कुणासाठी आहे हे देणाऱ्याला माहीत नसावं. १४ जून हा लँडस्टाइनर यांचा जन्मदिवस, तोच जागतिक रक्तदाता दिन. पण त्या दिवसाची वाट पाहायचं कारण नाही. निरोगी माणसाला काही महिन्यांच्या अंतरानं रक्त देता येतं, आणि दिलेलं शरीर भरून काढतं. ‘रक्ताचं नातं’ हा शब्द आपण टाकून द्यावा असं आम्ही म्हणत नाही. त्यात त्या अनोळखी देणाऱ्यालाही जागा करून द्यावी, एवढंच.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.