बापूकुटी आणि बा-कुटी

गेल्या वर्षीच्या वार्षिकांकात माझा एक ललित लेख आला होता. विषय होता आमचे घर. प्राध्यापकांनी पाठ थोपटली, मैत्रिणींनी "किती खरं लिहिलंस ग!" म्हणून कौतुक केले. अंक फिरत फिरत सेलू तालुक्यातील आमच्या गावी पोहोचला आणि पिठाच्या चक्कीवर कोणीतरी आईला त्या लेखातील एक गोष्ट विचारली. ती गोष्ट कोणती, हे इथे पुन्हा सांगत नाही. एकदा सांगून झाले तेवढे पुरे. आई घरी येऊन एवढेच म्हणाली, "तुयं तू लिव ना वं, मायं कायले लिवलं?"

त्यानंतर दोन-तीन महिने मी रोजनिशीसुद्धा उघडली नाही. स्वतःविषयी मोकळेपणाने लिहावे असे आपल्याला सगळेच सांगतात. पण तसे लिहिताना घरातली माणसे आपोआप कागदावर येतात, त्यांचे काय करावे हे कोणी सांगत नाही. विचार करण्यासारखे काही मला सापडले ते सेवाग्रामला.

सेवाग्रामचा आश्रम आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. 1936 साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. आरंभी सर्वांसाठी एकच घर, ते म्हणजे आदिनिवास. गांधीजी, कस्तुरबा, कार्यकर्ते, आले-गेले पाहुणे, सारे तिथेच. त्या वर्दळीत बांची कुचंबणा होते हे जमनालालजी बजाजांच्या ध्यानात आले व त्यांनी बांसाठी वेगळी कुटी बांधवली. आपण सारे बापूकुटीत रेंगाळतो आणि बा-कुटीत नुसते डोकावून पुढे जातो. मीही तेच करीत असे. या खेपेला मात्र उंबऱ्याशी थांबले. ज्या माणसाचे सारे जगणेच उघड्यावर होते, त्याच्या आश्रमातही एका व्यक्तीला स्वतःची म्हणता येईल अशी खोली लागली!

गांधीजींचे लिहिणेही असेच उघडे. त्यांची आत्मकथा 1925 ते 1929 या काळात 'नवजीवन' साप्ताहिकातून क्रमशः छापली गेली. वडिलांच्या मृत्यूच्या रात्रीचा प्रसंग त्यांनी लपवला नाही. दक्षिण आफ्रिकेत रागाच्या भरात कस्तुरबांना फाटकापर्यंत ओढत नेले, तेही लिहिले. पण नीट वाचले तर दोन गोष्टी दिसतात. ज्या मित्राने त्यांना मांसाहाराकडे नेले, त्याच्यावर पानेच्या पाने आहेत, पण त्याचे नाव नाही. आणि अखेरच्या प्रकरणात ते म्हणतात की, 1921 नंतरचे आपले जीवन सहकाऱ्यांशी इतके गुंतलेले आहे की त्यांच्याविषयी न बोलता पुढे लिहिता येणार नाही, म्हणून लेखणी थांबवलेली बरी. म्हणजे मित्राच्या आणि सहकाऱ्यांच्या बाबतीत त्यांनी मर्यादा सांभाळली होती.

पत्नीच्या बाबतीत? आत्मकथा संपली त्याच वर्षी, 1929 मध्ये, त्यांनी 'नवजीवन'मध्ये 'माझी शरम' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला. कोणा अनोळखी माणसाने बांना दिलेले चार रुपये त्यांनी आश्रमाच्या नियमाप्रमाणे जमा न करता जवळ ठेवले, ही गोष्ट त्यात साऱ्या वाचकांपुढे मांडली आहे. सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख असावा हे मान्य. तरी लहान तोंडी मोठा घास घेऊन म्हणते, हा लेख मला पटला नाही. शरम बापूंची होती. चूक मात्र बांची छापली गेली.

नाव गाळले की भागते, असे आपल्याला वाटते. दया पवारांनी 'बलुतं' (1978) मध्ये वेगळीच युक्ती केली. तिथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. त्यामुळे लेखकाला स्वतःकडे दुरून पाहता आले. पण आपल्या अंकाचे वाचक आसपासच्याच गावांतले. 'आमच्या आळीतल्या एक काकू' असे लिहिले तरी काकू दुसऱ्या दिवशी एस.टी.त भेटतात! काळ जाऊ द्यावा, हा दुसरा उपाय. रेव्हरंड टिळक 1919 साली वारले. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला 1934 साली. याउलट सुनीताबाई देशपांड्यांनी 'आहे मनोहर तरी' (1990) लिहिले ते पु. ल. हयात असताना, आणि केवढी चर्चा झाली! मला सुनीताबाईंचे धाडस अधिक प्रामाणिक वाटते, कारण पुलंना उत्तर द्यायची सोय तरी होती. गेलेल्या माणसाला तीही नसते. कस्तुरबांची 1933 सालची रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर 78 वर्षांनी, 2022 मध्ये पुस्तकरूपाने आली. मी ती वाचायला उत्सुक आहे आणि उत्सुक असण्याची थोडी लाजही वाटते.

तेव्हा ज्याचे लिहायचे त्याला आधी विचारावे, हाच साधा मार्ग मला सापडला. त्यात लेखाची धार थोडी जाते, हे कबूल. काही गोष्टी तर विचारूनही लिहिता येत नाहीत. त्यांच्यासाठी माझी रोजनिशी आहे आणि ती ट्रंकेत असते.

हा लेख देण्यापूर्वी मी आईला वाचून दाखवला. ती तुरीची डाळ निवडत बसली होती. तिने दोन वाक्ये काढायला लावली, ती काढली. चक्कीचे राहू दे म्हणाली. मग बराच वेळ गप्प राहून तिने विचारले, "त्या बाईच्या खोलीले आतून कडी होती का वं?"

मी पाहिले नव्हते. पुढच्या रविवारी आम्ही दोघी जाणार आहोत.