आयर्विन पुलावरून दिसणारं महाबळेश्वर

जुलै उजाडला की सांगलीत बोलण्याची सुरुवात एकाच प्रश्नानं होते, "पाणी किती फुटावर?" उत्तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या मोजपट्टीवरून येतं. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोक्याची. लगेच दुसरा प्रश्न, "वर किती पडला?" हे 'वर' म्हणजे कोयना, नवजा आणि महाबळेश्वर. या तीन ठिकाणचा चोवीस तासांतला पाऊस वर्तमानपत्रं ओळीनं छापतात. तो वाचून सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगरातली माणसं ठरवतात, की सामान माळ्यावर चढवायचं की घरच सोडायचं.

पुण्या-मुंबईहून पावसाळी सहलीला जाणाऱ्यांना महाबळेश्वर म्हणजे धुकं, भाजलेलं कणीस आणि धबधबे. सांगलीकरांसाठी तोच पाऊस म्हणजे उद्याच्या पुराचा अंदाज, आणि दुष्काळी माण, आटपाडी, जतसाठी पुढच्या उन्हाळ्याची आशा. डोंगरावरचं धुकं आणि खालचं पाणी वेगवेगळं पाहण्याची सवय आपण आता सोडायला हवी.

पसरणीच्या घाटात बदलणारी हवा

वाईत नुसती रिमझिम असते. पसरणीचा घाट चढू लागलं की वळणावळणाला हवा गार होते, पाचगणीला टेबललँडचा कडा ढगात हरवतो आणि वेण्णा तलावापाशी पोहोचेपर्यंत समोरच्या गाडीचे दिवेच तेवढे दिसतात. हे धुकं म्हणजे प्रत्यक्ष ढगच. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरवर. तिथून येणारे नैर्ऋत्य वारे सह्याद्रीच्या कड्यावर आदळून एकदम वर चढतात, थंड होतात आणि बाष्प सोडून देतात. ढग इतके खाली येतात, की त्यांचा अभ्यास जमिनीवर उभं राहून करता येतो. म्हणूनच पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं २०१२ साली आपली मेघभौतिकी प्रयोगशाळा महाबळेश्वरात थाटली.

कडा ओलांडला की वारा उतरणीला लागतो आणि कोरडा होत जातो. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा मिळतो, वाईला त्याहून कमी. पूर्वेकडे माण तालुक्यात दहिवडी-म्हसवडला गेलं की आकडा पाचशेच्या आसपास घुटमळतो. देशातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एक आणि कायमचा दुष्काळी टापू, दोन्ही एकाच सातारा जिल्ह्यात आहेत.

पावसाळ्यात ओस पडणारं ठाणं

पावसात महाबळेश्वर पाहायला जाणं ही अगदी अलीकडची हौस. १८२४ साली पीटर लॉडविक हा नंतर जनरल झालेला ब्रिटिश लष्करी अधिकारी या जंगलातून कड्यापर्यंत पोहोचला. पुढं गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार केला आणि वाई भागातल्या खंडाळा गावाच्या बदल्यात ही जागा घेतली. बाजारपेठेला त्याचंच नाव पडलं, माल्कमपेठ. वेण्णा तलाव मात्र साताऱ्याच्या गादीनं दिला. प्रतापसिंहांचे बंधू शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी तो १८४२ साली बांधून घेतला. मलायाकडच्या ब्रिटिश सामुद्रधुनी वसाहतींतून आणलेल्या चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंगही इथं होता. १८६४ साली तो बंद झाला, पण त्या कैद्यांनी लावलेल्या बटाट्याच्या आणि भाजीच्या मळ्यांची परंपरा इथं रुजली.

मुंबई सरकार उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरात इथून चाले, पावसाळ्यात ते पुण्याला उतरे. जूनच्या आत बंगल्यांच्या भिंतींना गवताच्या ताट्या बांधत, दुकानदार माल गुंडाळून खाली जात, पेठ ओस पडे. मागं राहत ते क्षेत्र महाबळेश्वरचे पुजारी, आसपासच्या वाड्यांतले धनगर, कोळी, कुणबी आणि त्यांची गुरं. अंगावर इरलं, घरात धगधगती चूल आणि चार महिन्यांचं साठवलेलं धान्य-सरपण, या बळावर ते पाऊस काढत. या पावसाचं खरं ज्ञान त्यांच्याकडं होतं आणि आजही आहे. ओढा कोणत्या दिवशी ओलांडायचा नाही, कोणत्या उतारावर घर बांधायचं नाही, हे त्यांना कोणत्याही नकाशाशिवाय कळत होतं.

जांभ्याच्या पोटातलं पाणी

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात दगडी गोमुखातून धार पडते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथं मानतात. भागीरथी बारा वर्षांनी आणि सरस्वती साठ वर्षांनी प्रकटते, अशीही श्रद्धा आहे. गोमुखातल्या धारेला मात्र भूगर्भाचा आधार आहे. इथल्या काळ्या बेसाल्टवर जांभ्या दगडाचा जाड थर आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्यात मुरतं, खालच्या कठीण खडकाशी अडतं आणि कड्याच्या पोटातून झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतं. म्हणून पाऊस ऑक्टोबरात थांबला तरी गोमुख उन्हाळ्यात वाहतं. हा थर आणि त्यावरचं जांभूळ, हिरडा, अंजन, गेळा यांचं बुटकं सदाहरित रान यांनी मिळूनच नद्यांना बारमाही केलं.

सावित्री पश्चिमेला कोसळून महाडमार्गे बाणकोटच्या खाडीला जाते. वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते. कोयना आधी सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडं धावते, हेळवाकला पूर्वेकडं वळते आणि कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेच्या कुशीत शिरते. तिथून भरलेली कृष्णा सांगलीला येते.

पाण्याचे वाटेकरी

या पावसाचा सगळ्यात मोठा साठा कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात, १०५.२५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. कृष्णा पाणी तंटा लवादानं ठरवून दिलेल्या मर्यादेनुसार त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवता येतं. ते पोफळीच्या बाजूला उतरून वीज देतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. धोम आणि कण्हेर ही धरणं कृष्णा आणि वेण्णेचं पाणी अडवून सातारा जिल्ह्याच्या मळ्यांना देतात.

ज्या पूर्वभागाला ढगांनी वगळलं, तिथं हेच पाणी माणसानं विजेच्या पंपांनी चढवलं. जिहे-कठापूर योजना ते माण-खटावकडं नेते. कराडजवळच्या टेंभूहून ते खानापूर, आटपाडी, सांगोल्यापर्यंत जातं. म्हैसाळहून कवठेमहांकाळ आणि जतच्या माळावर पोहोचतं. जिथं मे महिन्यात चारा छावण्या लागत, तिथं आज द्राक्षं आणि डाळिंबं उभी आहेत. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेनं व्याकूळ झालं, तेव्हा मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून पाणी गेलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होतं, पुढं पन्नास वाघिणींच्या गाड्या धावल्या. ते पाणी कृष्णेचंच होतं. महाबळेश्वरच्या ढगानं अशी मराठवाड्याचीही तहान भागवली.

पाऊस बदलला, डोंगरही बदलतो आहे

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. २००५ चा महापूर त्यापुढं लहान वाटला. ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणारी माणसं नाव उलटून बुडाली. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरी एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. माणमध्ये सबंध वर्षात पडत नाही, एवढा. त्याच सुमारास पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगावावर, घाटाखाली महाड तालुक्यातल्या तळियेवर दरडी कोसळल्या. आंबेनळी घाट जागोजाग खचला.

पुराची कारणं अनेक आहेत. धरणांतला विसर्ग, नदीपात्रातली अतिक्रमणं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा वाद, यांवर समित्या बसल्या आणि बसतील. पण पाण्याची पहिली साठवण धरणात होत नाही, डोंगरमाथ्यावर होते. तिथलं रान तोडलं, जांभ्यावर काँक्रीट ओतलं, हॉटेलसाठी उतार पोखरले, की मुरणारं पाणी धावू लागतं आणि सोबत माती आणतं. याच जाणिवेनं १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. २०१२ साली पश्चिम घाटाला, कास पठारासह, जागतिक वारशाचा मान मिळाला. आणि आता 'नवीन महाबळेश्वर' या नावानं सातारा जिल्ह्यातल्या २३५ गावांचा गिरिस्थान आराखडा पुढं आला आहे. डोंगरातल्या तरुणांना गावातच रोजगार हवा, ही मागणी पूर्ण न्याय्य आहे. तो रोजगार घरगुती निवास, मध, स्ट्रॉबेरी, वाटाड्यांचं काम यांतून उभा राहू शकतो. उतार फोडून उभारलेल्या इमारती मात्र डोंगरालाही नकोत आणि खालच्या शहरांनाही नकोत.

म्हणून सातारा-सांगलीच्या लोकप्रतिनिधींना आणि नागरिकांना एक आग्रहाची विनंती आहे. या आराखड्याची सुनावणी डोंगरावरच्या गावांपुरती ठेवू नका. माथ्यावरची प्रत्येक नवी बांधकाम परवानगी कराड, सांगली, मिरज, जत आणि आटपाडीच्या लोकांसमोरही मांडली गेली पाहिजे, कारण तिथलं पाणी त्यांचं आहे. आणि पावसात महाबळेश्वरी जाणाऱ्या वाचकांनो, धुकं मनसोक्त पाहा, पण गाडी जांभ्याच्या पठारावर घालू नका, बाटली झऱ्यात टाकू नका, आणि उतरताना एक दिवस काढून कृष्णेच्या काठानं सांगलीपर्यंत या. डोंगर का राखायचा, हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.