शपथेच्या यादीतून मूळ गावाकडे : पेनसिल्व्हेनियातील जर्मन पूर्वजांचा शोध

अठराव्या शतकात ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातून निघालेली हजारो जर्मन भाषक कुटुंबे रॉटरडॅमला जहाजात बसून आणि वाटेत इंग्लंडच्या बंदरात थांबून फिलाडेल्फियाला उतरली. पेनसिल्व्हेनिया ही तेव्हा ब्रिटिश वसाहत होती. परमुलखातील लोकांचा हा ओघ पाहून वसाहतीच्या कौन्सिलने १७२७ मध्ये असे फर्मावले की, प्रत्येक कप्तानाने उतारूंची यादी द्यावी आणि सोळा वर्षांवरील पुरुषांनी ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहण्याची लेखी ग्वाही द्यावी. राल्फ स्ट्रासबर्गर आणि विल्यम हिंके यांनी १९३४ मध्ये तीन खंडांत छापलेल्या या याद्या आज तेथील वंशशोधाचा मोठा आधार मानल्या जातात.

या याद्या वंशजांसाठी नव्हे, राज्यकर्त्यांच्या खात्रीसाठी तयार झाल्या, ही गोष्ट मात्र क्षणभरही विसरून चालत नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांनी जर्मन नावे कानाला ऐकू आली तशी लिहिली, त्यामुळे एकाच माणसाचे नाव कप्तानाच्या यादीत एक आणि त्याच्या स्वतःच्या सहीत दुसरे दिसते. ज्याला लिहिता येत नव्हते त्याने नुसती खूण केली आणि नाव कारकुनाने घातले. म्हणूनच दुसऱ्या खंडातील सह्यांच्या हुबेहूब प्रतिकृती अमोल ठरतात, कारण जहाजातून उतरल्यावर केलेली सही आणि पुढे कित्येक वर्षांनी मृत्युपत्रावर केलेली सही शेजारी ठेवून, दोन्ही एकाच हातच्या आहेत की नाहीत, हे अक्षरांच्या वळणावरून ताडता येते.

अशी पारख अत्यावश्यक असते, कारण नावांचे साम्य फार फसवे आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला बहुधा दोन नावे मिळत. त्यांतले पहिले, म्हणजे योहान, अनेकदा सगळ्या भावांना सारखेच असे आणि व्यवहारात दुसरेच नाव चाले. एकाच परिसरात एकाच नावाचे दोन-तीन गृहस्थ सापडले, तर त्यांना वेगळे करण्यासाठी जमिनीच्या सीमा, शेजारी आणि पत्नीचे नाव तपासावे लागते. शिवाय जमीन जागची न हलता तिचा जिल्हा बदलू शकतो : बर्क्स हा जिल्हा १७५२ मध्ये फिलाडेल्फिया, चेस्टर आणि लँकेस्टर यांचे भाग तोडून झाला, तेव्हा त्याआधीची कागदपत्रे त्या जुन्या जिल्ह्यांच्या दप्तरांत धुंडाळणे भाग आहे.

स्त्रियांचा माग काढणे सर्वांत कठीण. शपथेच्या याद्यांत त्या नाहीत, आणि १७९० च्या पहिल्या राष्ट्रीय जनगणनेतही केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव असून बाकीची माणसे नुसत्या आकड्यांत मोजलेली आहेत. त्या भेटतात चर्चच्या नोंदवह्यांत. योहान कास्पर श्टोएव्हर या फिरत्या लूथरन पाद्र्याने १७३० पासून बाप्तिस्मे व विवाह टिपून ठेवले, आणि अशा नोंदींत मुलाबरोबर त्याच्या धर्ममाता-धर्मपित्यांची, म्हणजे बाप्तिस्म्याला उभे राहून त्याची जबाबदारी घेणाऱ्यांची, नावे येतात. ही माणसे सहसा भावंडे किंवा गाववालेच असत. म्हणून पूर्वजाच्या गावाचा पत्ता लागत नसेल, तर या सोबत्यांचे गाव शोधावे, हा मार्ग सर्वांत फलदायी आहे.

तारखांबाबतही सावध राहावे लागते. ब्रिटिश मुलखात १७५२ पर्यंत जुनी दिनदर्शिका होती, ती जर्मन प्रदेशांतील दिनदर्शिकेच्या अकरा दिवस मागे होती आणि तिचे कायदेशीर नवे वर्ष २५ मार्चला लागे. साहजिकच त्याआधीच्या इंग्रजी कागदावरील फेब्रुवारीची नोंद आजच्या हिशेबाने पुढच्या वर्षात जाऊ शकते.

एकदा गाव हाती लागले की शोध युरोपच्या दप्तरांकडे वळतो. नैर्ऋत्य जर्मनीतील अनेक भागांत भूदासांना, म्हणजे जमीनदाराच्या बंधनात असलेल्या रयतेला, देश सोडण्यापूर्वी शुल्क भरून मुक्तता मिळवावी लागे आणि त्याची नोंद होई. शिवाय काही पाद्र्यांनी चर्चच्या वहीत जन्माच्या नोंदीशेजारीच ती व्यक्ती पेनसिल्व्हेनियाला गेल्याचे लिहून ठेवले आहे. असा शेरा आणि फिलाडेल्फियाची यादी यांचे साल जुळले, पत्नीचे व मुलांचे नावही जुळले, तरच ते घराणे एकच मानावे. केवळ आडनावाच्या साम्यावर वंशवृक्षाला फांदी जोडू नये.