बाईने बांधलेल्या वाटेवरून मावलीकडे

माटुंगा रोड स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडावं, लेडी जमशेदजी मार्ग गाठावा आणि उत्तरेची वाट धरावी. बुधवार असेल तर सोबत आपसूक मिळते. माहीमच्या सेंट मायकल चर्चला निघालेल्या बायका, त्यांतल्या काही अनवाणी. सलग नऊ बुधवारांचा नवस असतो. 8 सप्टेंबर 1948 रोजी इथे नित्य सहाय्य मातेची नोव्हेना प्रार्थना सुरू झाली आणि सगळ्या धर्मांच्या बायका तिला येऊ लागल्या. दाराशी मेणाचे हात, पाय, इवलंसं घर, तान्हं बाळ विकायला असतं. गुडघा दुखत असेल तर मेणाचा पाय, कूस उजवायची असेल तर बाळ. मागणं शब्दांत सांगायचीसुद्धा गरज नाही!

पण खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. ज्या मोत मावलीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, दर्शनाला माणसं माहीमहून वांद्र्याच्या टेकडीवर जातात, ती मावली स्वतःच एकदा उलट दिशेने माहीमला आली होती. 1737 ते 1739 च्या धामधुमीत मराठ्यांनी साष्टी आणि वसई घेतली. त्या काळात तिची मूर्ती खाडी ओलांडून याच सेंट मायकलमध्ये आसऱ्याला आली आणि 1761 मध्ये परत गेली.

तेव्हा मधे रस्ता नव्हताच. माहीम हे बेट. पलीकडे जायचं तर होडी, आणि पावसाळ्यात जिवाशी गाठ. ईस्ट इंडिया कंपनी खर्चाला तयार होईना. अखेर सर जमशेदजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई पुढे आल्या. दीड लाखाच्या वर रुपये त्यांनी दिले, अट एकच घातली: या वाटेवर कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. 1845 साली माहीमचा कॉजवे खुला झाला. पारशी बाईच्या पैशातून ख्रिस्ती मावलीची वाट झाली आणि हिंदू, मुसलमान, सगळ्याच बाया तिच्यावरून फुकट चालल्या. माझ्या मते मुंबईत इतकं मोठं दान दुसरं शोधावं लागेल. आपण सुरुवातीला धरलेला लेडी जमशेदजी मार्ग याच अवाबाईंच्या नावाचा; आपण मात्र त्याला ‘एल. जे. रोड’ म्हणून मोकळे होतो.

माटुंग्याहून माहीमचं चर्च दोनेक किलोमीटर, तिथून टेकडी आणखी तीनेक. 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर मोत मावलीची जत्रा असते. तेव्हा जायचं तर छत्री घ्यावी. कॉजवेवर आडोसा नाही.